जिन्याखालचा म्हसोबा

बारामती, ३ फेब्रुवारी २०२५

ती. सारजाअक्कास,
मानसिंगचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू आधी ओरडतेस आणि मग ऐकतेस, म्हणून लिहितोय. आपली निकिता सासर सोडून आली तेव्हा मी लेकीला वरच्या खोल्या दिल्या. तिच्या शिवणाच्या बायका आमच्या बैठकीतून वर जायच्या; तिला स्वतःचं दार हवं होतं. म्हणून घराच्या बाजूनं जिना बांधला. आता पालिकेची नोटीस आलीय. मंजूर नकाशात ती बाजू मोकळी सोडलेली आहे, महिन्यात जिना काढा किंवा खुलासा द्या. जागा माझी, सिमेंट माझं, आणि मोजायला हे! गल्लीत मी एकटाच दिसलो काय?

मीही कच्चा नाही. वडगावच्या बांधावरचा एक धोंडा आणला, शेंदूर लावला आणि जिन्याखाली म्हसोबा बसवला. पाया खणताना सापडला, असं सांगितलंय. पालिकेचा माणूस आला, त्यानं आधी हात जोडले, मग टेप लावली. आता कोण हातोडा उचलतो बघू.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा मानसिंग


डाळज, ८ फेब्रुवारी २०२५

चि. मानसिंगास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. देवाला राखणीला बसवलंस व्हय रे? लाज कशी वाटली न्हाय? उद्या शेजारच्या भीमाच्या घरात आग लागली, तर माणसं दोन्ही घरांमधल्या त्या बोळातनं शिरायची कशी? तिथं तू जिना घातलास, वर देवाच्या नावानं खोटं बोललास.

नोटीस म्हंजे शिवी न्हाय. त्यांनी विचारलंय, तू उत्तर द्यायचं. दुसऱ्या कुणाचं चुकलं हे सांगून तुझं बरोबर होत न्हाय. मंजूर नकाशा पेटीतनं काढ, इंजिनिअरला घरी ने, मोजू दे. नियमात बसत न्हाय ते आपल्या हातानं काढ. सगळं मुदतीत, लेखी, आणि पोच घेऊन.

माया हाय म्हणून बोलते, तीच माया तूही ठेव.

तुझी अक्का


बारामती, २६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

राग आला म्हणून तुझं पत्र कपाटात टाकलं होतं. पुढच्याच मंगळवारी समोरची रंगूबाई बायका घेऊन नारळ फोडायला आली. निकिता जिना उतरत होती. देवाच्या डोक्यावर पाय देतीस व्हय, म्हणून रंगूबाईनं तिला झापलं. तेव्हापासून जिना बंद. शिवणाच्या बायकाही चढेनात. ज्या दारासाठी एवढं केलं, ते दारच गेलं.

निकिता माझ्याशी भांडली नाही, इंजिनिअरकडे गेली. त्यानं मोजून सांगितलं, घरासमोर जिन्यापुरती जागा निघते. तिनं उत्तर लिहून आणलं: हा जिना आम्हीच काढतो, सुधारित नकाशा देतो. खाली आणखी एक ओळ: देव मीच नोटिशीनंतर आणून बसवला आहे. मी भडकलो. जिन्याचं लिही, देवाचं कशाला, म्हणालो. ती म्हणाली, जुना देव म्हणून उद्या गल्लीनं जिना काढू दिला नाही, तर तुमच्या शब्दाला काय किंमत? घर माझ्या नावावर, म्हणजे सही माझीच. शेवटी केली. पोच आणली.

मग रंगूबाईला खरं काय ते सांगायला गेलो. ज्या हातानं आणलास त्याच हातानं नेऊन ठेव, म्हणाली, आणि स्वतः गाडीत बसली. धोंडा वडगावच्या बांधावर होता तिथं ठेवून आलो.

जिना काल उतरवला. मंजुरी येईपर्यंत नवी वीट लावायची नाही, असं निकितानं बजावलंय. तोवर ती बैठकीतूनच वर जाते, मुद्दाम चपला वाजवत. मी मान वर करत नाही.

आहे तो लोभ वाढता ठेव. सध्या घरात तो कमीच मिळतोय.

तुझा मानसिंग