पाच शब्द परत नेणेबाबत

दिनांक : १० ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
ज्येष्ठ महिला स्मरणशक्ती तपासणी (दूरध्वनी) कक्ष, जालना

विषय : आजेसासूबाईंकडे ठेवलेले आपले पाच शब्द तातडीने परत नेणेबाबत.
संदर्भ : आपल्या वर्षाराणी मॅडमचा अर्ध्यात तुटलेला फोन.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या आजेसासू गोपिकाबाई, वय नव्वदीपलीकडे, यांना उन्हाळ्यात आपल्या कक्षातून फोन आला. वार, महिना, गाव ही उत्तरे त्यांनी खणखणीत दिली. मग मॅडमनी पाच शब्द सांगून "आजी, ध्यानात ठेवा, थोड्या वेळानं विचारते," असे म्हटले. तेवढ्यात रेंज गेली. तो थोडा वेळ दिवाळी तोंडावर आली तरी संपलेला नाही. उलटा फोन लावावा, तर त्या नंबरावर लागत नाही.

२. परक्याची ठेव सांभाळावी तसे आजी ते शब्द सांभाळत आहेत. एकेक बोट मिटत ओठांतल्या ओठांत म्हणतात, घरात कोणाला सांगत नाहीत. आम्ही लिहून पाठवतो म्हटले, तर उत्तर मिळाले, "त्या पोरीनं इस्वासानं देल्ते, तिलाच देईन. तुला कशाला पाह्यजेत?"

३. रेंज फक्त शेळ्यांच्या गोठ्यात येते, म्हणून आजींचा मुक्काम तिथेच. अर्जदाराच्या आईचा फोन आला की "लाइन मोकळी कर" म्हणून ओरडा होतो. कर्ज हवे का विचारणाऱ्या एका इसमास "तू वर्षाराणी न्हाईस" असे सुनावून त्यांनी फोन ठेवला. शेळ्यासुद्धा कंटाळल्या आहेत.

४. येथवर हसण्यावारी नेले. परंतु जांब समर्थच्या त्यांच्या धाकट्या बहीण उषाबाई अंथरुणाला खिळल्या असून "आक्का आली का?" असे रोज विचारतात. आजींचा जीव तिकडे तुटतो, पण पाय निघत नाही. म्हणतात, "एसटीच्या गचक्यात एखादा सांडला, मंग पोरीला काय तोंड दाखवू?"

५. आता लिहू नये ते लिहिते. परवापासून चार बोटे झटकन मिटतात आणि अंगठा उभाच राहतो. आम्ही पाहिलेच नाही असे दाखवतो. आजींचे जेवणात लक्ष नाही, आणि अर्जदारास फार भीती वाटते.

तरी मेहेरबान साहेबांनी मॅडमना सकाळीच फोन करण्यास सांगावे. चार निघोत की पाच, तपासणीच्या कागदावर खरे तेच लिहावे. आजींना मात्र "पाचही पोचले" एवढे म्हणावे. दुपारच्या गाडीने आम्ही त्यांना बहिणीकडे घेऊन निघू.

फोनकडे कान लावून,
आपली नम्र,
(सही)
सौ. दैवशाला आदिनाथ मदने
ता. भोकरदन, जि. जालना