आठ पेंग्विन आणि एक रिकामी जागा

प्रिय भावजी,

वहिनीचा आशीर्वाद. जाऊबाईंनाही सांगा, आणि त्यांच्या गुडघ्याची मी आवर्जून चौकशी केली आहे हेही सांगा. माझी तब्येत बरी आहे. एक दात हलतोय, पण तो इतके दिवस हलतोय की आता त्याची सोबत वाटायला लागली आहे. तुमचं पोट कसं आहे? (फोनवर विचारलं की तुम्ही "ठीक" म्हणता आणि लगेच "वहिनी, मुद्द्यावर या" म्हणता. म्हणून हे पत्र. पत्राला मुद्द्यावर ये म्हणता येत नाही.)

तरी मुद्दा सांगून टाकते. रविवारी गाडी घेऊन मशीन भंगारात न्यायला येण्याची तसदी घेऊ नका. मागच्या खोलीतलं तुमच्या दादांचं मशीन मी दुरुस्त केलं आहे. तुम्ही माझ्यासाठी घेतलेला तो पाटीएवढा चपटा कॉम्प्युटर जाऊबाईंना द्या, त्यांना गुडघ्यावर ठेवायला बरा पडेल. (दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या.)

आता झालं काय ते सविस्तर सांगते. तुम्हाला यातलं सगळं माहीत आहे, कॉम्प्युटर हा पोटापाण्याचाच धंदा आहे तुमचा; पण मला सांगता सांगता समजतं, तेव्हा वाचा मुकाट्याने. गेल्या महिन्यात मागच्या खोलीतून जळका वास आला. मला वाटलं दूध लागलं. गॅसपाशी गेले तर गॅस बंद आणि दूध अजून फ्रीजमध्ये. मग कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तोच तो, ओठात स्क्रू धरून बोलतो तो. त्याने मशीनचा एका बाजूचा पत्रा काढला, आत टॉर्च मारला आणि एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला आल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "काकू, बोर्ड गेला." दोन दिवसांनी कुठून तरी वापरलेला पण धडका बोर्ड आणून बसवला. त्याच्यावरच्या चिपमध्ये म्हणे आठ कोअर आहेत, म्हणजे एका डोक्याच्या जागी आठ डोकी. "आठ आहेत काकू, आठ!" असं त्याने इतक्या कौतुकाने सांगितलं की मला क्षणभर बाळंतिणीची चौकशी करावीशी वाटली.

आठ डोकी आली आणि मशीन आधीपेक्षा हळू चालायला लागलं. शिवाय तापून बंद पडायचं. दुरुस्तीवाल्याने डोकं खाजवलं. मग त्याच्या लक्षात आलं, की कर्नल जुना आहे. कर्नल म्हणजे मशीनच्या आतला कारभारी. कोणी कधी काम करायचं, कोणाला किती मेमरी द्यायची, कोणी झोपायचं, कोणी रांगेत थांबायचं, सगळं तो ठरवतो. तुमच्या दादांनी तो विकतचा किंवा आयता घेतला नव्हता, स्वतः प्रश्नांची उत्तरं देऊन बांधून घेतला होता. त्या वेळी मशीनमध्ये कोअर एकच. म्हणून "एकापेक्षा जास्त आहेत का?" या प्रश्नाला त्यांनी "नाही" म्हटलं होतं. बरोबरच होतं. दोघांच्या घरात आठ ताटं कोण मांडून ठेवतं? पण आता सात जण दारात येऊन उभे, आणि कारभारी एकट्याच्याच डोक्यावर सगळं ओझं टाकतोय. नव्या बोर्डाच्या पंख्याशीही त्याची ओळख नव्हती.

दुरुस्तीवाला म्हणाला, आयती सिस्टिम टाकून देतो, तासाभराचं काम. मी म्हटलं, मग ती ओळ राहील का? तो म्हणाला, कोणती ओळ?

ती ओळ तुम्ही पाहिलेली नाही, भावजी. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावतात. डाव्या कोपऱ्यात एक छोटा पेंग्विन पक्षी बसतो, आणि पहिल्याच ओळीत कर्नल आपलं नाव सांगतो. त्या नावाच्या शेवटी बांधणाऱ्याला आपलं असं काहीतरी जोडता येतं. शहाणी माणसं तिथे तारीख टाकतात. यांची वीजकेंद्रावर पहाटेची पाळी असायची. मी उठायच्या आत हे गेलेले. मी उठून मशीन लावायचे (मला तेव्हा इंग्रजी वाचायचं वेड लागलं होतं, औषधांच्या खोक्यांवरून सुरुवात केली आणि मशीनवर बढती मिळाली), तर एके दिवशी नावाच्या शेवटी आलं: उठलीस-का. इंग्रजी अक्षरांत, मध्ये आडवी रेघ, कारण तिथे मोकळी जागा सोडता येत नाही. हे घरी आल्यावर मी त्यांच्या चहात एक चमचा साखर जास्त घातली. तेव्हापासून रोज सकाळी मशीन मला विचारतं आणि मी चहा गाळता गाळता "उठले" म्हणते. हे कायमचे गेल्यानंतरही विचारतं. म्हणून मशीन भंगारात द्यायचं नाही आणि सिस्टिमही आयती नको. कर्नल मीच बांधीन, असं मी दुरुस्तीवाल्याला सांगितलं. त्याच्या ओठातला स्क्रू खाली पडला. अजून सापडलेला नाही.

यांची जुनी उत्तरं मिळाली असती तर काम सोपं झालं असतं, पण काम संपलं की मागे काही ठेवायचं नाही, सगळं पुसून स्वच्छ, ही तुमच्या दादांची शिस्त. (ही शिस्त फक्त मशीनच्या आत. बाहेर ओला टॉवेल पलंगावर.) तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊन पहिल्यापासून बसले. भावजी, मुलगी बघायला आलेल्यांनीसुद्धा मला इतके प्रश्न विचारले नव्हते! पण हे प्रश्न लिहिणाऱ्या मंडळींची एक रीत मला फार आवडली. प्रत्येक प्रश्नाखाली थोडं समजावून सांगितलेलं असतं, आणि शेवटी बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, की खात्री नसेल तर नाही म्हणा. इतका सरळ सल्ला मला आयुष्यात कोणी दिला नव्हता. लग्नाच्या वेळी मला कसलीच खात्री नव्हती आणि मी हो म्हणून बसले. (चांगलंच झालं. पण सल्ला सल्ल्याच्या जागी.)

नावाच्या शेवटी काय जोडायचं, हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच आला. तिथे मी काही न लिहिता पुढे गेले. म्हटलं, बघू नंतर.

मग एक विचारतो, काहीच काम नसेल तेव्हा कोअरला ठराविक वेळाने हलवून जागं करायचं, की पडू द्यायचं? पडू द्या बिचाऱ्याला. दुसरा विचारतो, एक जण काम करत असताना दुसरं तातडीचं काम आलं तर पहिल्याला मध्येच उठवायचं का? मुळीच नाही. आपल्या घरात जेवणाऱ्याला कोणी पानावरून उठवत नाही. (त्याचा परिणाम असा, की मशीन हातातलं काम संपेपर्यंत माझ्याकडे ढुंकून बघत नाही. स्वभाव ओळखीचा वाटला.) जास्तीत जास्त किती कोअर धरायचे? आठ, आणि एकही जास्त नाही. उगाच रिकाम्या जागा ठेवून रोज त्या बघत कोण बसणार? पुढचा प्रश्न असा, की मशीन चालू असताना एखादा कोअर काढून घेतला, तर बाकीच्यांनी काम चालू ठेवायचं का? इथे मी उठले, चहा केला, गॅलरीत उभी राहून प्यायले. समोरच्या शिंप्याने हात हलवला, मीही हलवला. मग येऊन हो म्हटलं. तिथे मला खात्री करून घ्यायची गरज नव्हती.

त्यापुढे उपकरणांची यादी लागली. हे आहे का, ते आहे का, रेडिओ आहे का, खेळायचा दांडा आहे का, कुठल्याशा कंपनीची टेप आहे का. दारावर विक्रेता आल्यासारखं. डिस्क, पडदा आणि पंखा यांना तेवढं "हो" म्हणा, असं दुरुस्तीवाल्याने चारचारदा बजावलं होतं, ते म्हटलं. बाकी सगळ्यांना नाही, नाही, नाही. हात इतका बसला, की खाली दूधवाला आला त्यालाही "नाही" म्हटलं. दुसऱ्या दिवशी कोरा चहा.

दुपारी जेवण झाल्यावर बांधणी सुरू केली. अजून जुनाच कारभारी, त्यामुळे एकटा कोअर राबत होता. तापू नये म्हणून मशीनचा पत्रा काढून समोर टेबलफॅन लावला. खिडकीचे पडदे ओढले. पडद्यावर ओळी वर वर सरकत होत्या, समोरून शिंप्याचं मशीन थांबत थांबत चालत होतं, आणि टेबलफॅन मान वळवून एकदा मशीनकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. यांच्या खुर्चीत बसले होते. कधी डोळा लागला कळलं नाही.

मागची खोली होती तीच, पण लांबच लांब झालेली. जमिनीवर एका ओळीत आठ जण पाय मुडपून झोपलेले, आणि मध्ये मटारच्या शेंगांचा छताला टेकेल असा ढीग. हे कामाचेच बूट घालून आले, नाड्या नेहमीसारख्या सुटलेल्या. पहिल्यापाशी वाकून म्हणाले, "उठलास का?" तो उठला आणि शेंगा सोलायला लागला. मग दुसरा, मग तिसरा. दोघांनी एकच शेंग धरली तर हे बोटाने खूण करून एकाला थांबवायचे, आवाज न चढवता. दाणे पडत होते त्यांचा आवाज पावसासारखा नव्हता, कोणीतरी शेजारच्या खोलीत हळू बोलावं तसा होता. मी ओळीच्या शेवटी बसले होते. केससुद्धा नीट केले. सहावा झाला, सातवा झाला. हे जवळ येत चालले, बुटावर मटारचं एक साल चिकटलेलं मला दिसत होतं. आठव्याला उठवलं, हात झटकले, कोणी राहिलं का म्हणून सगळीकडे बघितलं, आणि निघाले. माझ्या लगेच लक्षात आलं. जास्तीत जास्त आठ, असं मीच सांगितलं होतं. नववी जागाच नव्हती. मला राग आला नाही, भावजी. नियमाचा माणूस. मी फक्त म्हटलं, नाड्या बांधा.

जाग आली तेव्हा ओळी थांबल्या होत्या, बांधणी पुरी झाली होती, आणि माझ्या गालावर खुर्चीच्या वेताची जाळी उमटली होती. मशीन बंद करून नव्या कर्नलवर सुरू केलं. आणि काय सांगू! वरच्या कडेला एका पेंग्विनच्या जागी आठ पेंग्विन, एका ओळीत, पोटं पुढे काढून. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. दुरुस्तीवाल्याला गॅलरीतून ओरडून सांगितलं, त्याने शिंप्याला सांगितलं. पंखा चालतोय, काही तापत नाही, आठही जण कामाला लागलेत.

तेव्हा काळजी नसावी. मशीन झकास आहे, मी झकास आहे. रविवारचा पेट्रोलचा खर्च वाचवा आणि घरी पडून राहा. जाऊबाईंना गुडघा शेकायला सांगा.

तुमची
वहिनी

ता. क. झकास म्हणजे, कीबोर्ड चालत नाही. त्या यादीत तोही होता आणि मी त्यालाही नाही म्हणून बसले. माऊसलाही. आठ जण हात बांधून उभे आहेत आणि त्यांना काम सांगायची सोय नाही. जुन्या कारभाऱ्याला परत बोलावता येतं, ती तजवीज दुरुस्तीवाल्याने ठेवली आहे, पण तो तापतो. टेबलफॅन लावून त्याच्याकडूनच नवी बांधणी करून घ्यावी लागेल. ती मला जमेल. काल अर्धीअधिक उत्तरं देऊनही झाली. यादी या वेळी चष्मा लावून वाचते आहे.

ता. क. २. त्यापेक्षा खरं ते लिहिते. आठ पेंग्विन आले आणि पहिल्या ओळीत नावाच्या शेवटी काहीच नव्हतं. नंतर बघू म्हणून मी जागा सोडली होती. काल पुन्हा त्या प्रश्नापाशी आले. उठलीस-का असं लिहिलंही. मग पुसलं. आपणच लिहायचं आणि आपणच सकाळी "उठले" म्हणायचं, हे काही बरोबर दिसेना. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. त्यांचं ते त्यांच्या कर्नलबरोबर राहू दे. तर रविवारी या. गाडी रिकामी आणा आणि रिकामीच न्या. मागच्या वेळी तुम्ही चहाचा कप घेऊन मागच्या खोलीच्या दारातच उभे राहिलात, "इथूनच दिसतंय की वहिनी" म्हणालात आणि आत आला नाहीत. या वेळी आत यावं लागेल, कीबोर्डची तार तेवढी लांब नाही. ती जागा तुम्ही भरा. काय लिहायचं ते सुचवते, म्हणजे खोळंबा नको: उठलात-का-वहिनी. तुम्ही मला अहोजाहो करता तेच बरं आहे. खात्री नसेल तरी या.

ता. क. ३. रोज उत्तर मी तोंडीच देईन. तुम्हाला तिथे ऐकू येणार नाही, पण वीजकेंद्रावर त्यांना तरी कुठे ऐकू येत होतं. आणि जास्तीत जास्त किती कोअर, तिथे या वेळी नऊ लिहिलेत. दुरुस्तीवाला म्हणतो, एक जागा जास्त ठेवल्याने मशीनचं काही बिघडत नाही.