सहा बाटल्या आणि एक तोतया

शनिवार, भर दुपार
गोदामाच्या पायरीवरून

प्रिय आत्या,

नमस्कार. पाठीत धपाटा घालायचा असेल तर आत्ताच मनातल्या मनात घालून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

मी मजेत आहे. वजन वाढलंय, केस कापलेत, खोलीतला नळ स्वतः दुरुस्त केलाय. आता तो दुसऱ्या बाजूने गळतो, पण आवाज कमी करतो. मालकही खूश आहेत. या महिन्यात गिऱ्हाइकांशी दोनच भांडणं झाली, त्यातलं एक फोनवर, ते मी धरत नाही. तू विचारलंस, "मागे माझ्या औषधांच्या दुकानापर्यंत आलास आणि दहा मिनिटांवरच्या घरी न जाता परस्पर परत का पळालास?" गाडीची वेळ झाली होती गं.

बरं, ते जाऊ दे. त्या दिवशी तुझ्याकडून मेथोट्रेक्सेटच्या सहा बाटल्या नेल्या होत्या, त्यांची गोष्ट सांगायची आहे.

प्रयोगशाळांना लागेल ते आणून देणं हा आमचा धंदा, हे तुला ठाऊकच आहे. त्या बाटल्या संशोधन संस्थेतल्या एका मुलीसाठी होत्या. तिला सगळे पिवळी म्हणतात, कारण तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्यांवर कायम फॉलिक ॲसिडचे पिवळे डाग असतात. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. हसू नकोस. पहिल्यांदा मागणीचा कागद द्यायला आली तेव्हा मी तो उलटा धरून वाचला आणि ‘मिळेल, मिळेल’ म्हणालो. काय मिळेल ते मलाच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष नाही. (वजन वाढलंय ते काळजीने.)

तिचं काम तिने मला गोदामातल्या खोक्यावर बसून समजावलं. फॉलिक ॲसिडशिवाय पेशीची वाढ होत नाही. मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरवरचं औषध म्हणजे त्याचा तोतया. रंग पिवळाच, चेहरामोहरा तोच. पेशी फसते, त्याला घरात घेते, आणि तो नेमक्या जागी असा ठाण मांडून बसतो की सगळं काम ठप्प. मग त्यावर उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिड द्यायचं, की पेशी पुन्हा उठतात. तिला बघायचं होतं, काचेच्या बश्यांत वाढवलेल्या पेशींपैकी कुठल्या उठतात आणि कुठल्या नाही.

तिला हवी होती शुद्ध पूड. ती बाहेरून यायला सहा आठवडे. हे ऐकून तिचा चेहरा असा पडला की मी म्हणालो, "परवा देतो." मालक मागून म्हणाले, "परवा? तू काय घरी बनवतोस?" पण मी तिच्या साहेबांच्या सहीचं संस्थेचं पत्र घेतलं आणि तडक तुझ्याकडे आलो. पूड नाही तर नाही, रुग्णांना टोचायचं औषध तर आहे! तू पत्र दोनदा वाचलंस, बाटल्या दिल्यास, वर म्हणालीस, "खोक्यातला कागद वाच. हे माणसांसाठी बनवलेलं आहे, तुमच्या बश्यांसाठी नाही." मी हो हो म्हणालो. उजेड लागू नये म्हणून बाटल्या काळ्या कागदात गुंडाळल्या आणि बरोबर आणलेल्या डब्यात बसेनात म्हणून त्यांची खोकी स्टँडवरच टाकून दिली. कागदासकट.

दहा दिवसांनी ती धावत गोदामात आली. "अरे, उठतच नाहीत! उतारा घातला, तिप्पट घातला, तरी एक पेशी उठत नाही! असं कुणालाच दिसलेलं नाही!" माझी बाही धरून मला गोल फिरवलं, आत्या. "तू नसतास तर मी अजून वाट बघत बसले असते." तो शर्ट मी धुतलेला नाही. तिच्या साहेबांनी गुरुवारी समितीपुढे बोलायला सांगितलं. पुढच्या दोन वर्षांचं तिचं काम त्या समितीच्या हातात.

मंगळवारी तिला आणखी बाटल्या हव्या होत्या, म्हणून संस्थेजवळच्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पत्र पाहिलं आणि सहज विचारलं, "प्रिझर्व्हेटिव्हचं देऊ की बिनप्रिझर्व्हेटिव्हचं?"

"म्हणजे?"

"टिकावं म्हणून काहींत बेन्झिल अल्कोहोल घालतात. पेशींवर वापरणार ना? मग ते नको, त्यानेच मरतील."

दिलेल्या बाटल्यांतली एक रिकामी तिच्या फडताळात होती. काळा कागद सोलला. लेबलवर, मुंगीएवढ्या अक्षरांत, बेन्झिल अल्कोहोल लिहिलेलं होतं. पेशी तोतयाने मेल्या नव्हत्याच, मग उताऱ्याने कशा उठतील? आणि तुलनेच्या बश्यांत तिने नुसतं मिठाचं पाणी घातलेलं, म्हणून त्या मजेत.

आत्या, तो पूर्ण दिवस मी गप्प राहिलो. मी! मनात म्हटलं, कुणाला कळणार आहे? ती खूश, साहेब खूश, आणि ती माझ्याकडे बघून हसते. बुधवारी सकाळी गेलो तेव्हा ती भाषणाची तयारी करत होती. "काय रे, चेहरा असा आंबट का?"

सांगितलं. तिने हातातले कागद खाली ठेवले.

"खोकी कुठायत?"

"टाकली."

"का?"

"डब्यात बसत नव्हती."

"बाहेर जा," ती म्हणाली. आवाज न चढवता. चढवला असता तर बरं झालं असतं, मला चढलेल्या आवाजांची सवय आहे.

तिने लगेच नव्या बश्यांत औषधाशिवाय नुसतं बेन्झिल अल्कोहोल घातलं. गुरुवारी सकाळी सगळ्या पेशी गार. दुपारी समितीपुढे उभं राहून ती म्हणाली, "जो निष्कर्ष सांगणार होते तो चूक आहे. बाटलीत काय आहे ते मी वाचलं नाही." मी दाराबाहेर माल पोचवायला आलो होतो. तिने सगळं स्वतःवर घेतलेलं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. दार ढकलून आत शिरलो आणि ओरडलो, "चूक माझी आहे!"

सगळे वळले. एक म्हातारे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपण कोण?"

"मी… हातमोजे घेऊन आलोय."

इतके हसले, आत्या, की एकाला पाणी द्यावं लागलं. तेच म्हातारे नंतर तिला म्हणाले, "चूक स्वतःहून सांगणाऱ्याला आम्ही हाकलत नाही. पूड येऊ दे, पुन्हा कर." तिचं काम वाचलं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "नाटकी आहेस." मग थोड्या वेळाने, "पण आलास." आणि मग, चहाचा पेला हातात देताना, "कॉलेज का सोडलंस रे तू?"

मी नेहमीची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. रसायनशास्त्राच्या सरांनी प्रयोगाच्या वहीत खोटी वाचनं लिहायला सांगितली, मी बाणेदारपणे नाही म्हटलं, वही फेकली, निघालो. शंभरदा सांगितलेली. पाठ आहे. पण तिच्यासमोर ती सांगवेना.

खोटी वाचनं मी लिहिली होती. प्रयोग न करताच, दोन दशांशांपर्यंत. सरांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या ब्युरेटवर घेतलीस?" मी नंबर सांगितला. ती ब्युरेट, म्हणजे मोजायची काचनळी, सकाळपासून फुटून कचऱ्यात पडली होती. वर्ग हसला, मी वही फेकली. एवढंच झालं होतं.

घरी उलटं सांगितलं. मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. पण बाबा सरांच्या फाटकात जाऊन नको ते बोलले. अठरा वर्षं दोघं रोज सकाळी बरोबर फिरायला जायचे. आता बाबा दुसऱ्या रस्त्याने जातात, एकटे. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आपला पोरगा तडतड्या आहे, पण खोटारडा नाही." म्हणून मला घरी यायचा धीर होत नाही. गाडीची वेळ झाली नव्हती. तासभर स्टँडवर बसून होतो.

हे सगळं मी पिवळीला सांगितलं. तिने एकच विचारलं, "तुझ्या बाबांना माहितेय?" नाही म्हटल्यावर तिने माझ्या हातातला चहा काढून घेतला. "आधी ते कर."

तर पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. आधी सरांकडे जाईन, मग घरी. बाबांना पत्राने सांगता आलं असतं, पण ते वाचताना मी समोर नसलो तर तेही पळून जाणंच. तू काही बोलू नकोस, माझ्यासाठी रदबदलीही करू नकोस. बाबा दार उघडतील तेव्हा घरात अस, एवढंच. त्यांच्या रक्तदाबाची गोळी जवळ ठेव.

आणि तुझी माफी मागायचीच आहे, ती समोर उभं राहून मागतो.

तुम्ही सगळ्यांनी ज्याची बाजू घेतलीत,
तो