आईसाठी बांधलेली गाडी

आबा,

तुमच्या गाडीत काही दोष नव्हता. मला हे गेल्या महिन्यात कळलं, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. बारामतीच्या एमआयडीसीतली माझी डेअरीची ड्यूटी संपवून मी सुट्टीला घरी आले होते. आई लसूण सोलत बसली होती. तुमच्या शेडचे पत्रे गंजलेत, काढून टाकू या का, असं मी विचारलं, तर ती मान वर न करताच म्हणाली, "त्या दिवशी माझी पाठ दुखली न्हवती." कुठल्या दिवशी, हे मला विचारावं लागलं नाही.

मणक्याच्या ऑपरेशननंतर आईला धक्का सोसेना. एसटीनं नेऊन पाहिलं, जीपनं नेऊन पाहिलं, दोन्ही वेळा ती आठवडाभर अंथरुणाला खिळली. नरसिंहपूर, तिचं माहेर, आता तिला दिसणार नाही असं सगळेच धरून चालले होते. तुम्ही मात्र वालचंदनगरच्या कारखान्यात जन्मभर फिटरकी केलेली. निवृत्तीनंतर इंदापूरच्या भंगारातून एक जुनी मोटारसायकल उचलून आणलीत, इंजिन तेवढं ठेवलंत आणि बाकीचा सांगाडा करवतीनं कापून काढलात. पाइपात कोरडी वाळू ठासून भरायची, लाल होईस्तोवर तापवायचा आणि मग हळूहळू वाकवायचा, म्हणजे तो चेपत नाही, हे तुम्ही मला दाखवलं होतंत. गाडी लांबच लांब झाली. आईची बैठक मागच्या चाकावर नाही, तर दोन चाकांच्या मधे, गुडघ्याइतक्या उंचीवर, पाठीला टेका असलेली. "चाकावर बसलं की धक्का बसतो, मधी बसलं की नुसता झोका," तुम्ही म्हणायचात. ब्रेक दाबला की साध्या गाडीचं नाक खाली बसतं आणि मागचा माणूस पुढं ढकलला जातो, म्हणून पुढचं चाक धरणाऱ्या उभ्या नळ्याच तुम्ही काढून टाकल्यात. त्यांच्या जागी मागच्या चाकाला असतात तसे दोन आडवे हात आणि दोन स्प्रिंगा पुढच्या चाकाला बसवल्यात. येणारा-जाणारा हसायचा. शेजारचे तात्या म्हणाले, "आबा, बाजंला चाकं लावली व्हय?" तुम्ही म्हणालात, "बाजच समजा. पर माहेरी जानारी बाज हाय."

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. उसाचा हंगाम आहे, ट्रॉल्यांनी रस्त्याची चाळण केलेली आहे. तुम्ही पुढं, आई मागं टेकून बसलेली, डोक्यावरचा पदर एका हातानं धरलेला, आणि मी तुमच्या मागं स्कूटीवर. खड्डा आला की माझी स्कूटी आदळते, तुमची गाडी मात्र पाण्यात होडी हलावी तशी हलते. बावडा गावाच्या पुढं तुम्ही थांबता आणि म्हणता, इंजिन तापलंय. कडेच्या दगडावर बसून राहता. मला वाटतं, माणूस आपल्या कामाकडं लांबून बघतोय. नरसिंहपूरला घाटावर भाकरी खाताना तुम्ही इतके खुशीत आहात, की पुढल्या महिन्यात तुळजापूरला जायचं ठरवूनच टाकता.

घरी आल्यावर आई गाडीवरून उतरायच्या आधीच तुम्ही विचारलंत, "काय गं, पाठ?"

"दुखतीय."

"कुठं?"

"खाली. जरा जास्तीच."

तुम्ही पुढच्या स्प्रिंगांवर हात ठेवून दोनदा दाबून पाहिलंत आणि गाडी शेडात नेलीत. तुमचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीचा आवाज सुरू झाला. उन्हाळा आला तरी तुम्ही त्या पत्र्याखाली पाइप तापवतच होतात. एका दुपारी आई चहा घेऊन गेली, तेव्हा तुम्ही पुढच्या चाकाला टेकून बसला होतात. तिला वाटलं, डोळा लागलाय.

आता ती सांगते, दगडावर बसला होतात तेव्हा तुमचा हात छातीवर होता. तिनं ते पाहिलं होतं. "तुळजापूर म्हनले तशी मी घाबरले," ती म्हणाली. "म्हनलं, पाठ दुखली म्हनावं, म्हंजी गाडी ठिवून देतील, घरी निवांत बसतील. कापसावर बसल्यागत वाटत हुतं गं मला. आन त्यांनी तर परत करवत घेतली."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"रोज सांगायचं ठरवायची. पर खरं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशीच तुळजापूरला निघाले असते."

तुम्ही तिच्या पाठीची माफी मागितल्यासारखे वागत होतात ते शेवटचे महिने, आबा. जेवताना तिच्याकडं बघायचा नाहीत. आणि ती समोर बसून तुमचा श्वास मोजत होती. मी दर सुट्टीला येत होते, दोघांच्या मधे बसून जेवत होते, आणि मला वाटायचं, म्हातारपणी माणसं अशीच गप्प होतात.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की गाडी जमली होती. पहिल्याच वेळी जमली होती. हा कागद टपालात टाकता येणार नाही, आणि घरात ठेवताही येणार नाही, कारण आईला वाचता येतं. त्या दिवशी लसणाचं ताट बाजूला सारून तिनं मला विचारलं होतं, "माझ्यामुळंच गेले का गं ते?" मी म्हणाले, नाही, डॉक्टर मला तेव्हाच म्हणाले होते, हे कधीही झालं असतं, झोपेतसुद्धा. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग पुन्हा ताट पुढ्यात ओढलं.

डॉक्टर मला तसं काही म्हणाले नव्हते, आबा. मी त्यांना विचारलंच नव्हतं.