क्रिसान्तो आजोबांना विचारलं तेव्हा

रोसारियो, रविवार

प्रिय ब्लासियाताई,

तुला आणि आईला खूप खूप पापे. मी बरी आहे, खोली उबदार आहे, माझी चिंता नको.

मी काम करते त्या वृद्धाश्रमातले क्रिसान्तो आजोबा ताट तसंच परत पाठवायला लागले होते. सगळे म्हणायचे, "वय झालं, जेवायचंही विसरतात." परवा मी दाढी करून देताना ते हळूच म्हणाले, "पोरी, वस्तरा इथंच राहू दे." मी वस्तरा मिटून खिशात टाकला आणि सरळ विचारलं, "आजोबा, जीव द्यावासा वाटतो का?"

"वाटतो," ते म्हणाले. "आजवर कुणी विचारलंच नाही गं."

मी जागची हलले नाही. तिथूनच हाक मारून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, हा विसराळूपणा नाही, मनाचा आजार आहे, उपचारांनी बरा होतो. आता आजोबांजवळ सतत कुणीतरी असतं. आज त्यांनी थोडा दूधभात खाल्ला. तरी त्यांचं दार उघडताना माझी छाती धडधडते.

ताई, तू लिहिलंस, आई हल्ली रोजचे मांदियोकाचे कंदसुद्धा शिजवत नाही, अंगणात नुसती बसून असते, वयच झालं आता. तिच्याजवळ बस आणि तिला सरळ विचार. घाबरू नकोस. दोघींच्या वाटचं मी इथे घाबरतेच आहे.

तुझीच,
निदिया