गिरणीचं तेल आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी

हडपसर, गुरुवार

तीर्थस्वरूप ज्ञानदेवमामांना पूर्णिमाचा वाकून नमस्कार.

"इंजिनाला इचारू नगं पोरी, ते बढाया मारतंय. तेलाला इचार." मी सातवीत असताना तुम्ही हे म्हणालात आणि माझ्या अंगठ्यावर काळ्या तेलाचा थेंब ठेवून उन्हात त्यातली धातूची कणी चमकताना दाखवलीत. त्या थेंबावरच माझी आजची नोकरी उभी आहे, हे आधी कबूल करते, म्हणजे पुढचं वाचताना राग जरा कमी येईल.

गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? गिरणी पुन्हा सुरू झाल्याचं समजलं. तुमच्याकडून नव्हे, कारण तीन आठवडे तुम्ही माझा फोन उचललेला नाही. म्हणून हे पत्र. (पत्र कट करता येत नाही. फार तर त्यात शेंगदाणे बांधाल, पण सोडताना तरी वाचाल.)

आमच्या कारखान्यात दर महिन्याला यंत्रांचं तेल बाटलीत भरून लॅबला जातं. त्यात कुठल्या धातूची किती झीज उतरली ते लॅब सांगते आणि यंत्र बंद पडण्याआधीच दुखणं कळतं. गेल्या वर्षी आमचा मोठा कॉम्प्रेसर असा वाचला, तेव्हापासून मला वाटत होतं की हे सुख मामांच्या गिरणीच्या इंजिनाला का नको? म्हणून लोणीला तुमच्याकडे आले त्या दुपारी, तुमचा डोळा लागलेला बघून, मी थोडं तेल काढलं. बाटली नव्हती. मामींनी लिंबाच्या लोणच्याची रिकामी बरणी दिली. दोनदा धुतली, उन्हात वाळवली. (नमुना फक्त लॅबच्या कोऱ्या बाटलीतच घ्यावा, ही आमच्या भिंतीवरची सूचना माझ्याच सहीची आहे.)

रिपोर्टात सोडियम इतकं निघालं की लॅबमधल्या अवनीने स्वतः फोन केला. सोडियम वाढलं म्हणजे इंजिन गार करायचं पाणी तेलात शिरतंय, असा आमचा हिशेब. खरं सांगते मामा, मला आनंद झाला. दुखणं सापडल्याचा आनंद, तो माणसाला आंधळं करतो. मी तुम्हाला लगेच इंजिन बंद करायला सांगितलं, आणि चाळीस वर्षांत कुणाचंही न ऐकलेल्या तुम्ही माझं ऐकलंत. ते मला अजून टोचतंय. चार दिवस गिरणी बंद, बायका दळणाचे डबे घेऊन दुसऱ्या गिरणीत, तुम्ही गुडघा धरत इंजिनाचं डोकं उतरवलंत, आणि पाणी अडवणारं आतलं गॅस्केट ठणठणीत. पाचव्या दिवशी अवनीने विचारलं, मॅडम, बरणीला हिंगाचा वास कसा काय? झाकणाच्या रबरात मामींचं मीठ बसलं होतं. मी तुम्हाला कळवलं, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "आता भाकरीसंगं खाऊन बघ, अजून कायतरी निघंल." आणि फोन ठेवलात.

चुकले. मनापासून माफी मागते.

तुमचीच,
पूर्णिमा

ता. क. मामींना रागावू नका. मी पाठवलेल्या कोऱ्या बाटलीत त्यांनीच परवा तेल भरलं आणि भाजीच्या पिशवीतून बसने हडपसरला आणून दिलं. (सोबत लोणचंही होतं. वेगळ्या पिशवीत.)

आणखी एक ता. क. नवा रिपोर्ट आलाय. सोडियम नाही. पण तांबं आणि शिसं बरंच वाढलंय. जुना रिपोर्ट काढून पाहिला, तर त्यातही ते आकडे होते, सोडियमच्या खालच्याच ओळींत. मिठाच्या नादात मी तिथपर्यंत वाचलंच नाही. हे दोन्ही धातू बेअरिंगचे, म्हणजे झिजतंय ते खालचं बेअरिंग. तुम्ही वरून उघडलंत, दुखणं तळाशी आहे. असंच चालवलं तर एक दिवस इंजिन जाम होईल आणि मग दुरुस्त होणार नाही.

शेवटचा ता. क. तेव्हा, मामा, इंजिन पुन्हा उघडा. या वेळी खालून. मी तीन दिवसांची रजा टाकते, सातवीत धरायचे तशी बॅटरी धरते. तुम्ही नाहीच म्हणणार, माहीत आहे. फक्त नाही म्हणायच्या आधी बोटावर थेंब घ्या आणि उन्हात धरा. माझं ऐकू नका. तेलाला विचारा.