चढाईपटू मारुती घारे याची श्रेणी उतरवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. स्पर्धा अधिकारी साहेब,
पवनाकाठ कबड्डी चषक समिती,
पवनानगर, ता. मावळ, जि. पुणे.

अर्जदार : अंबूबाई रखमाजी घारे, वय ६९, अध्यक्ष, भैरवनाथ कबड्डी संघ, खडकवाडी.

विषय : संघाचा चढाईपटू मारुती रखमाजी घारे याची श्रेणी उतरवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) चषकाची नियमावली, नियम सात व नऊ.
२) माझा गेल्या वर्षीचा अर्ज. (तो रागात लिहिला होता.)

महोदय,

१. खाली सही करणारी मी, प्रथम आमच्या संघाचा व्यवस्थापक अमृत याच्या वागण्याबद्दल तक्रार नोंदवते. अमृत हा माझ्या धाकट्या दिराचा नातू. लोणावळ्याच्या एका हॉटेलात काउंटरला बसतो, त्यामुळे त्याला जगात सगळीकडे काउंटरच दिसतो. गेल्या रविवारी तो मैदानात बूट घालून आला. आमच्या मैदानात चाळीस वर्षांत कोणी पायताण घालून आलेलं नाही. आल्यावर त्यानं अकरा पोरांच्या समोर मोबाइल माझ्या नाकापुढे धरला आणि म्हणाला, "आजी, मारुतीनाना बसत न्हाईत यंदा." मी म्हणाले, नाही बसला तर उभा राहील, तुझं काय जातंय. पोरं हसली. अमृत हसला नाही. त्यानं बोटानं पडदा वर सरकवला आणि मारुतीचं नाव निघून गेलं. वीस वर्षांचं नाव काढायला त्याला एक बोट पुरलं. हे वागणं नोंदवून घ्यावं.

२. आपले नियम आपल्यालाच सांगणं बरं दिसत नाही, पण अर्जात सगळं यावं असं ग्रामसेवक म्हणाले म्हणून लिहिते. हायवेकडच्या गावांनी पैशाच्या जोरावर सगळे मोठे खेळाडू गोळा केले, म्हणून समितीनं यंदापासून प्रत्येक संघाला शंभर गुणांची मर्यादा घातली. अ श्रेणीचा खेळाडू घेतला की चाळीस गुण जातात, ब चा पंधरा आणि क चा पाच. शंभरात बारा माणसं बसवायची. नियम चांगला आहे. आमच्यासारख्या वाड्यांच्या भल्याचा आहे, हे मी मान्य करते.

अमृतचं म्हणणं असं, की एकट्या मारुतीला चाळीस दिले तर उरलेले अकराही क चे घ्यावे लागतात, म्हणजे एक वाघ आणि मागं अकरा कोकरं. मारुती काढला तर ब चे चार तयार खेळाडू आणि क चे आठ, बरोबर शंभर. मी तिसरी पास आहे. मोबाइलचा मला भरवसा नाही. मी डब्यातले शंभर वाल मोजून ओसरीवर मांडले. बारा ढीग करून बघितले. चार वेळा मोडले, चार वेळा मांडले. एक वाल इकडचा तिकडं झाला नाही. अमृतचा हिशेब बरोबर निघाला, याचा मला जास्त राग आला.

३. मारुती हा माझा मुलगा. एकच आहे. वय सदतीस. दोनदा राज्याकडून खेळला. एका दमात चौघांना बाद करून मध्यरेषेवर हात टेकलेला मी स्वतः बघितला आहे, आणि त्या दिवशी समोरच्या संघानंसुद्धा टाळ्या वाजवल्या. पुढं वराळ्याला कारखान्यात लागला. तिथंच फ्लॅट घेतला. सून सविता, नात सृष्टी तिथंच असतात. नातीची शाळा तिथं चांगली आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

गेल्या वर्षी समितीनं वय आणि गुडघा बघून आपणहून त्याला ब लावली होती. ते कानावर येताच मी पहिल्या जीपनं पवनानगरला आले आणि अर्ज देऊन आपल्या कार्यालयात सकाळी दहापासून चारपर्यंत बसले. माझ्या पोराला पोरासोरांच्या रांगेत बसवता काय, असं मी बोलले. आणखीही बोलले, ते इथं लिहीत नाही, आपल्याला आठवत असेल. आपण चहा मागवला, तो मी प्याले नाही. चार वाजता आपण ब खोडून अ केला. तेव्हा शंभराची मर्यादा नव्हती, श्रेणी नुसती मानाची होती. मी ते पत्र काचेत बसवून घेतलं.

त्यानंतर आपण नियम सात केला, की ज्यानं मागून श्रेणी वाढवली त्यानंच लेखी मागून ती उतरवायची, दुसऱ्या कोणाला अधिकार नाही. हा नियम माझ्यामुळंच झाला असं लोक म्हणतात. असेल. तर आता तो माझ्याच दारात आला आहे.

४. आता यात माझा स्वतःचा काही स्वार्थ आहे असं कोणी म्हणेल. पहिल्यांदा मी 'नाही' असंच लिहिणार होते. पण अर्ज खरा असावा.

आमच्या गावची रीत अशी, की चंपाषष्ठीला मैदानात नारळ फुटला की अंतिम सामना होईपर्यंत यादीतल्या खेळाडूनं वेशीबाहेर झोपायचं नाही. नोकरी कुठंही करा, अंग गावातच टाकायचं. ही रीत माझ्या मालकांनी घातली, कारण त्यांच्या काळात खेळाडू सामन्याच्या आदल्या दिवशी सासुरवाडीला जाऊन जेवून सुस्त होऊन येत. त्या रीतीपायी मारुती दोन महिने वराळ्याहून रोज ये-जा करतो आणि माझ्या घरी राहतो. यादीत नाव नसलं तर त्याला रीत लागू नाही.

त्या दोन महिन्यांत संध्याकाळी माझ्या न्हाणीत दुसऱ्या माणसाचं पाणी पडल्याचा आवाज येतो. मी तीन भाकरी थापते आणि चौथी थापू का म्हणून विचारते. विचारायला माणूस असतो. बाकीचे दहा महिने मी एकच थापते आणि तीच दोन्ही वेळा खाते. बाजरी दळून आणली तर पीठ संपायच्या आत कडू पडतं, म्हणून मी आता किलोभरच दळते. गिरणीवाला म्हणतो, मावशी, एवढ्यासाठी गिरणी चालू करायला परवडत न्हाई. धरणाकडेला आमच्या शेजारच्या वावरात तंबू लागतात. शनिवारी तिथं शंभर माणूस असतं, गाणी असतात. एक बाई येऊन माझा फोटो काढून गेली, नाव विचारलं नाही. सोमवारी तंबूंचे नुसते खुंटे राहतात. मग शुक्रवारपर्यंत त्या अंगाला मीच.

अमृत म्हणतो, आजी, फोन करून बोलवा की नानाला, त्याला गुण लागत न्हाईत. त्याला कळत नाही. बोलावलं तर मारुती येईल. दुपारी येईल, चहा घेईल, गाडीची किल्ली हातातनं खाली ठेवणार नाही. बोलावून आलेला माणूस पाहुणा असतो. मला पाहुणा नको आहे.

अमृतनं त्याला यादीतनं काढल्याचं फोनवर कळवलं तेव्हा तो "बरं" म्हणाला. मी अमृतला दोनदा विचारलं, नुसतं बरं म्हणाला का बरं झालं म्हणाला? अमृतला आठवत नाही. चाळीस गुण आठवतात, हे आठवत नाही. हीही तक्रार नोंदवून घ्यावी.

५. गेले तीन दिवस मी मार्ग शोधत आहे. ते सगळे आपल्यापुढे ठेवते, त्यातला एखादा पटला तर पुढचं वाचायची गरज नाही. पहिला, की मर्यादा एकशे पस्तीस करावी. दुसरा, मारुतीचा डावा पाय अजून अ आहे, प्रश्न उजव्याचा आहे, सबब त्याचे निम्मे म्हणजे वीस गुण धरावेत. तिसरा, मी अकरा वर्षं अध्यक्ष आहे, एकही सामना चुकवलेला नाही, आणि समितीनं मला आजवर एक गुण दिलेला नाही. ते कुठं साचले असतील तर मारुतीच्या नावावर वळते करावेत. चौथा, पुढच्या वर्षीच्या शंभरातले पस्तीस यंदा उसने द्यावेत. पुढच्या वर्षी मी असेन नसेन, संघ असेलच. हे सगळं मी अमृतला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आजी, समिती हाय ती, भाजीवाली न्हाई." मी म्हणाले, भाजीवाली असती तर मूठभर कोथिंबीर तरी वर टाकली असती.

मग ब मागावी असं ठरवून हा अर्ज लिहायला बसले. पण मारुती ब झाला तर चार ब मधला एक कमी करावा लागतो, आणि तो धम्मदीप ठरतो, कारण बाकीचे तिघे पकड करणारे आहेत. धम्मदीप आमच्याच गावचा, वय बावीस. दोन वर्षं पहाटे उठून टेकडी चढतो आहे. चढाईला जाताना तो समोरच्याच्या पायाकडं बघत नाही, डोळ्यात बघतो. मारुती त्या वयात असाच बघायचा. मी धम्मदीपचे पंधरा वाल उचलून मारुतीच्या जागी ठेवले. थोडा वेळ तसेच ठेवले. मग परत केले. आई म्हणून चाललं असतं. अध्यक्ष म्हणून चालत नाही. माझे मालक मैदानाच्या कडेला उभे असते तर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

६. राहिली क. पोरं अकराच आहेत, त्यामुळं क ची आठवी जागा अजून रिकामी आहे. राज्याकडून खेळलेल्याला क मिळत नाही. पण नियम नऊ असा आहे, की खेळाडू चढाईस अपात्र झाला आहे असं संघाच्या अध्यक्षानं कारणांसह लिहून दिलं तर तो क मध्ये घेता येतो आणि राखीव बसतो. सबब लिहून देते.

गेल्या जानेवारीत उपांत्य सामन्यात शेवटच्या चढाईला मारुती उजव्या पायावर वळला नाही. सगळं अंग फिरवून वळला. पंचाला दिसलं नाही, मला दिसलं. त्या संध्याकाळी घराची पायरी चढताना त्यानं भिंतीला हात लावला, आणि मी बघते आहे असं दिसल्यावर भिंतीचा पोपडा काढत असल्यासारखं केलं. त्याआधी सरावात आमच्या पप्पूनं, वय एकोणीस, त्याचा घोटा धरला होता आणि लगेच सोडला. पोरानं मुद्दाम सोडला. हे मारुतीला समजलं. त्यानं पप्पूला शिवी दिली नाही. पूर्वी दिली असती.

अ लावला की अ सारखं खेळावं लागतं. ब असता तर दोन सामन्यांआड बसला असता. तो प्रत्येक सामन्यात गेला, दर वेळी पहिला गेला. त्याच्या गुडघ्याला मी काही केलं असं कोणी म्हटलेलं नाही. मी म्हणते.

सबब माझा मुलगा मारुती चढाईस अपात्र आहे. हे माझ्या हातानं लिहिलं आहे, कोणी सांगून लिहिलेलं नाही.

७. हा अर्ज पुढं संघासमोर वाचला जाईल. मारुती तिथं नसेल, पण त्याच्या कानावर जाईलच. आईनं असं लिहिलं म्हणून तो चिडून येणारच नाही असंही होईल. ते मी धरून चालले आहे. पण यादीत नाव असलं तर रीत आहे, आणि बापाची रीत मोडणारा तो नाही. तेवढ्या एका गोष्टीवर मी हा अर्ज देत आहे.

तरी साहेबांना विनंती, की मारुतीला क लावून बारावा म्हणून यादीत घ्यावं, धम्मदीपला धक्का लागू देऊ नये, आणि यादी सोमवारी बंद व्हायच्या आत उत्तर द्यावं, कारण बुधवारी चंपाषष्ठी आहे आणि मला दळण न्यायचं आहे. गुडघ्याचं कलम वाचताना आवाज बेताचा ठेवावा. आणि गेल्या वर्षीच्या चहाबद्दल मी बोलत नाही, पण या वेळी दिलात तर घेईन.

आपली, कधी नव्हे ती नम्र,
अंबूबाई रखमाजी घारे
(सही)
खडकवाडी, दि. १९ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) अ श्रेणीचं मूळ पत्र, काचेतून काढून. (कोपरा फाटला आहे, तो काढताना फाटला.)
२) वालांची मांडणी, कागदावर काढलेली.

ता. क. अर्ज देण्याआधी व्यवस्थापकाला संघासमोर तोंडी सांगावं लागतं, म्हणून आज संध्याकाळी मैदानात गेले. पोरं पाणी मारून माती चोपत होती. मला बघून अमृत बाजूला आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आजी, तुमी अर्जात ब च मागा, मी नानाला ब मधी घेतो. धम्मदीपला मी सांगतो कायतरी. तुमी नका वाईट वाटून घेऊ." पोराच्या मनात वाईट नव्हतं, हे नोंदवून घ्यावं. मी त्याला सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं सांगितलं, ते जसंच्या तसं लिहिते :

"अमृत्या, धम्मदीपला हात लावायचा न्हाई. तुझा हिशेब बरोबर हाय, बोलायची रीत तेवढी वंगाळ हाय. माझा मारुती क हाय. लिव्ह."